आलं किती, गेलं किती, साचलं किती

दरवर्षी पहिल्या आठवड्यात तास संपल्यावर कुणीतरी मागे रेंगाळतं आणि दबक्या आवाजात विचारतं, "मॅडम, मला केमिस्ट्री फारशी आवडत नाही. माझी शाखा चुकली का?" यंदा एका मुलीने विचारलं. तिला "नाही गं, चुकली नाही" एवढं सांगून वाटेला लावता आलं असतं. पण प्रश्न खरा आहे, आणि त्या वयात तो रात्री झोपू देत नाही हे मला माहीत आहे. मी एकोणीस वर्षं प्लांटमध्ये काढली, त्यातली निम्मी शिफ्टमध्ये, आणि आता केमिकल इंजिनिअरिंग शिकवते. त्या मुलीसाठी, आणि तिच्यासारखे जे विचारायला थांबले नाहीत त्यांच्यासाठी, जरा सविस्तर लिहिते.

माझ्या पहिल्या तासाला टेबलावर एक लिटरचा काचेचा फ्लास्क असतो. समजा, यात एक रासायनिक क्रिया होते आणि ती होताना उष्णता बाहेर पडते. आपण फ्लास्क बर्फाच्या पाण्यात बुडवला, तापमान ताब्यात राहिलं, माल उत्तम निघाला. आता तोच माल टनांनी हवा आहे. मग १०,००० लिटरचा रिअ‍ॅक्टर घेतला, त्याला बाहेरून जॅकेट, जॅकेटमधून थंड पाणी. कच्चा माल तोच, प्रमाण तेच, तापमान तेच, फक्त सगळं दहा हजार पट. चालेल ना? वर्गातून एकमुखाने "हो" येतं.

मग फळ्यावर हिशोब मांडायचा. दोन्ही भांडी सारख्याच आकाराची धरू: दंडगोल, उंची व्यासाएवढी, थंडावा तळातून आणि बाजूच्या भिंतीतून. लहान भांड्यात एका लिटरच्या वाट्याला साधारण ४६० चौरस सेंटिमीटर भिंत येते. वहीच्या ए-फोर कागदाचा पाऊण भाग म्हणा. मोठ्या भांड्यात त्याच एका लिटरच्या वाट्याला येते जेमतेम २१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीच्या वरच्या बाजूएवढी. लिटरमागे उष्णता तेवढीच निर्माण होते, पण बाहेर पडायचं दार एकवीस पटींनी लहान झालं. क्रियेतला एकही रेणू बदललेला नाही. केमिस्टने प्रयोगशाळेत जे सिद्ध केलं ते शंभर टक्के खरं आहे. तरीही हा रिअ‍ॅक्टर तसाच चालवला तर आतलं तापमान चढत जाईल, तापमान चढलं की क्रियेचा वेग वाढेल, वेग वाढला की उष्णता आणखी वाढेल.

हे नुसतं फळ्यावरचं गणित नाही. १९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाच्या छोट्या कारखान्यात नेमकं हेच झालं. तिथला रिअ‍ॅक्टर २,४५० गॅलनचा होता, म्हणजे ९,३०० लिटरच्या आसपास, आपल्या फळ्यावरच्या रिअ‍ॅक्टरएवढाच. पेट्रोलमध्ये घालायचं एक संयुग तिथे बनत होतं, त्यात सोडियम धातू वापरला जाई. ती १७५वी बॅच होती. आधीच्या १७४ निघाल्या होत्या. त्या दिवशी थंडाव्याची व्यवस्था बंद पडली, तिला पर्यायी व्यवस्था नव्हती, आणि तापमान एका मर्यादेपलीकडे गेल्यावर सोडियम आणि द्रावक यांच्यात दुसरीच, पहिलीपेक्षा भयंकर क्रिया सुरू झाली. चार माणसं गेली, बत्तीस जखमी झाली. जखमींतले बहुतेक तर त्या कारखान्याचे नव्हतेच, आसपासचे होते. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली, आणि त्यांच्या शिफारशींतली एक थेट तुमच्यापर्यंत येते: अशा भडकणाऱ्या क्रियांचे धोके केमिकल इंजिनिअरिंगच्या पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकवा. मी हा विषय शिकवते तेव्हा ती चार माणसं डोक्यात असतात.

तर त्या मुलीला पहिलं उत्तर हे. काय होतं आणि का होतं हे केमिस्ट सांगतो. आपलं काम तिथून पुढचं: किती होतं, किती वेळात होतं, त्यातून निघालेली उष्णता कुठे जाते, आणि गेली नाही तर कुठे साचते. केमिस्ट्री लागते, पण ती भाषेसारखी लागते. आपण त्या भाषेत हिशोब लिहितो.

हिशोबाचं सूत्र एकच आहे. पहिल्या सहामाहीत मटेरियल बॅलन्स नावाने ते तुमच्यासमोर येईल. कोणत्याही गोष्टीभोवती एक चौकट आखा. ती गोष्ट एक पंप असेल, एक टाकी असेल, अख्खा कारखाना असेल. चौकटीत आत आलं ते, वजा बाहेर गेलं ते, बरोबर आत साचलं ते. क्रिया होत असेल तर तयार झालेलं मिळवायचं, खर्च झालेलं वजा करायचं. बास. मुलं हे बघून म्हणतात, एवढंच? हो, एवढंच. पण हे सूत्र पाठ असणं आणि ते अंगात मुरणं यांत फार अंतर आहे, आणि माझ्या बाबतीत ते अंतर टोल्युईन नावाच्या द्रावकाच्या एका हिशोबाने पार झालं.

नोकरी लागून जेमतेम सात महिने झाले होते. आमच्या प्लांटमध्ये एक माल टोल्युईनमध्ये विरघळवून, थंड करून, त्याचे स्फटिक पाडून वेगळा करत. स्फटिक सेंट्रिफ्यूजमध्ये गाळायचे, ओला माल ड्रायरमध्ये टाकायचा, व्हॅक्यूमखाली वाळवायचा. वाळवताना उडालेलं टोल्युईन कंडेन्सरमध्ये थंड होऊन खालच्या रिसीव्हरमध्ये जमायचं, आणि पुन्हा वापरायला जायचं. महिनाअखेरीला साठा मोजला तर टोल्युईन नेहमीपेक्षा बरंच कमी भरलं. मला सांगितलं, शोध. मी दोन दिवस लॉगशीट चाळल्या आणि अहवालात लिहिलं, "बाष्पीभवनामुळे घट."

आमचे शिफ्ट इन्चार्ज वयाने वडिलांएवढे, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. म्हणाले, "पोरी, उडालं असं लिहू नकोस. कुठून उडालं ते लिही."

मग मी खरी कामाला लागले. कागदावर तीन चौकटी काढल्या: रिअ‍ॅक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर. प्रत्येक चौकटीत शिरणारा आणि निघणारा प्रत्येक बाण काढला, आणि ठरवलं की बाणावर आकडा लिहायचा तर तो वजनकाट्यावरून किंवा डिपस्टिकवरून आलेला हवा, अंदाजाने नाही. एक बॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी मागे लागून मोजली. रिअ‍ॅक्टरमध्ये टोल्युईन गेलं १,२०० किलो. सेंट्रिफ्यूजमधून गळालेल्या द्रवात परत आलं १,०७०. ओल्या मालाचा नमुना वाळवून पाहिला तर ड्रायरमध्ये टोल्युईन चाललं होतं सुमारे १२० किलो. रिअ‍ॅक्टर आणि सेंट्रिफ्यूज मिळून दहा किलो इकडेतिकडे, तेवढं समजू शकत होतं. ड्रायरच्या रिसीव्हरमध्ये मात्र जमलं फक्त ३५. वाळलेल्या मालात टोल्युईन जवळजवळ शून्य. म्हणजे एका बॅचला ८५ किलो त्या एका चौकटीतून निघत होतं आणि माझ्या कागदावर त्याला बाणच नव्हता.

ड्रायरला बाहेर जाणाऱ्या वाटा दोनच. एक माल काढायचं दार, ते बंद. दुसरी व्हॅक्यूम पंपाची लाइन. मी लाइनवर हात ठेवत ठेवत चालत गेले: ड्रायर, मग फिल्टर, मग कंडेन्सर, मग पंप. कंडेन्सरचं पाणी चालू होतं, नळ्या साफ होत्या, महिन्याभरापूर्वीच धुतल्या होत्या. सगळं ठीकच दिसत होतं. तिथे उभी असताना ड्रायरवरच्या दाबाच्या गेजकडे लक्ष गेलं. ४० मिलिमीटर पारा; हा आकडा जितका लहान तितका आतला दाब कमी. जुन्या लॉगशीटवर तोच आकडा १५० असायचा. तीन महिन्यांपूर्वी पंप बदलला होता, नवा ड्राय पंप फार चांगला व्हॅक्यूम ओढत होता, वाळवायला दहा तासांऐवजी सहा लागत होते, आणि या सुधारणेवर सगळे खूश होते.

टोल्युईन साध्या वातावरणाच्या दाबाला ११० अंशांच्या थोडं वर उकळतं. १५० मिलिमीटरला ते साधारण ६२ अंशांना उकळतं. कूलिंग टॉवरचं पाणी ३० ते ३२ अंशांचं; ६२ अंशांची वाफ त्यावर सहज थंड होऊन गळते. पण ४० मिलिमीटरला टोल्युईनचा उत्कलनबिंदूच येतो ३२ अंशांवर. ३२ अंशांच्या पाण्याने ३२ अंशांना उकळणारी वाफ थंड होणार कशी? कंडेन्सर बिचारा नीट काम करत होता, त्याच्यापुढे अशक्य काम ठेवलेलं होतं. वाफ त्याच्यामधून सरळ निघून पंपात जात होती आणि पंपाच्या एक्झॉस्टमधून छतावर. पेट घेणारं द्रावक, दर बॅचला ८५ किलो, हवेत. ते समजलं तेव्हा उभ्या जागी माझे पाय गार पडले होते.

काकांनी हिशोब पाहिला, गेज पाहिला, आणि त्याच संध्याकाळी व्हॅक्यूम पुन्हा १५० वर आणला. नंतर कंडेन्सरला चिलरचं सहा-सात अंशांचं पाणी जोडलं, पंपाच्या पुढेही एक कंडेन्सर बसवला, तिथे दाब वातावरणाचा असल्यामुळे उरलीसुरली वाफ गळून जाते. त्यानंतर ४० मिलिमीटरला पहिली बॅच घेतली तेव्हा रिसीव्हरमध्ये ११२ किलो जमलं. तो आकडा मी स्वतः डिपस्टिक बुडवून घेतला होता.

या प्रसंगात केमिस्ट्री किती होती बघा. एकही रासायनिक क्रिया नव्हती. एक पदार्थ, एक दाब, एक तापमान, आणि तीन चौकटी. मला तेव्हा हेही उमगलं की एका ठिकाणी केलेली सुधारणा दुसऱ्या ठिकाणी काय करते हे ज्याला दिसतं त्यालाच प्रोसेस इंजिनिअर म्हणावं.

सूत्रातलं "साचलं" हे पद विद्यार्थी सर्रास शून्य धरतात. स्थिर अवस्था, म्हणजे वेळेनुसार आत काहीच बदलत नाही, असं म्हटलं की खोडून टाकतात. त्यासाठी अमोनियाचं उदाहरण मला फार आवडतं. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनतो, पण एका फेरीत सगळं बनत नाही, थोडाच भाग बनतो. म्हणून बनलेला अमोनिया थंड करून काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा रिअ‍ॅक्टरकडे फिरवतात. फेरीवर फेरी. आता नायट्रोजन हवेतून येताना सोबत थोडा आर्गॉन आला, कारण हवेत तो ०.९३ टक्के असतो. आर्गॉन कशाशीच क्रिया करत नाही. अमोनियाबरोबर तो फारसा बाहेरही पडत नाही. मग तो गेला कुठे? कुठेच नाही. तो तिथेच फिरतोय, आणि दर तासाला नवा आर्गॉन येऊन मिळतोय. काही दिवसांनी त्या चक्रात नुसता आर्गॉनच फिरत राहील आणि अमोनिया बनायचा थांबेल. म्हणून त्या फिरत्या वायूचा एक छोटासा प्रवाह सतत बाहेर सोडावा लागतो, त्याला पर्ज म्हणतात. त्या प्रवाहाबरोबर मोलाचा हायड्रोजनही जातो. किती सोडायचा हे ठरवणं म्हणजे इंजिनिअरिंग: कमी सोडला तर आर्गॉन साचतो, जास्त सोडला तर हायड्रोजन जातो.

अमोनिया निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण या शाखेत काय दर्जाचं काम करता येतं हे त्या गोष्टीत आहे. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेतल्या एका छोट्या उपकरणातून द्रव अमोनिया थेंबाथेंबाने काढून दाखवला. त्याचा कारखाना करायची जबाबदारी बीएएसएफ कंपनीत कार्ल बॉश यांच्याकडे आली. दाब २०० वातावरणांच्या घरात, तापमान ५०० अंशांच्या आसपास. बॉश यांनी पोलादी नळ्या घेतल्या, आणि त्या साधारण ऐंशी तास चालून फुटल्या. नळ्यांचे तुकडे कापून तपासले तेव्हा कळलं की गरम दाबाखालचा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्यातल्या कार्बनशी संयोग पावून मिथेन बनवतो. पोलादाला ताकद देणारा कार्बनच निघून जातो आणि पोलाद ठिसूळ होतं.

पोलादात कार्बन हवा, नाहीतर दाब सोसत नाही. कार्बन असला तर हायड्रोजन त्याला खातो. या कात्रीतून बॉश यांनी काढलेली वाट मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि दरवर्षी मला तेवढाच आनंद होतो. त्यांनी काम दोघांत वाटून दिलं. आत मऊ लोखंडाचं अस्तर, ज्यात कार्बन जवळजवळ नाहीच, त्यामुळे हायड्रोजनला खायला काही नाही. बाहेर जाड पोलादी कवच, दाब सोसायला. अस्तरातून हायड्रोजन थोडा थोडा झिरपणारच, तो कवचाशी साचून दाब धरू नये म्हणून कवचाला बारीक बारीक भोकं पाडली. झिरपलेला हायड्रोजन त्या भोकांतून निघून जातो. दाब सोसायच्या भांड्याला मुद्दाम भोकं! हे सुचायला साचणं आणि जाणं या दोन शब्दांवर मनापासून विचार केलेला असावा लागतो. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. हाबर यांनी वापरलेला ऑस्मियम जगात होताच मूठभर, म्हणून आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या करून लोखंडावर आधारलेला उत्प्रेरक शोधला. त्याच घराण्यातले उत्प्रेरक आजही चालतात. हाबर यांना १९१८चं नोबेल मिळालं, बॉश यांना १९३१ मध्ये, उच्च दाबाच्या तंत्रासाठी, बेर्गियुस यांच्याबरोबर. त्या अमोनियापासून खत झालं आणि कोट्यवधींच्या ताटात पोचलं. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी नायट्रिक आम्लही झालं. मी वर्गात दोन्ही सांगते.

आता ही शाखा जन्मली कशी ते. कपडे, काच, साबण यांना धुण्याचा सोडा लागे, आणि एकोणिसाव्या शतकात तो मिठापासून लब्लां पद्धतीने बनत असे. मिठावर सल्फ्युरिक आम्ल घालायचं ही पहिली पायरी, आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघायचा. सोडा हवा होता, हा वायू नको होता. मग तो चिमणीतून सोडून द्यायचे. आजूबाजूची झाडं करपायची, लोकांचे घसे जळायचे. १८३६ मध्ये विल्यम गॉसेज यांनी इंग्लंडमध्ये एक पडीक पवनचक्की घेतली, तिच्यात झाडझाडोरा आणि काटक्या ठासून भरल्या, वरून पाणी सोडलं आणि खालून वायू. काटक्यांवरून पाणी पातळ पापुद्र्यासारखं ओघळतं, वायूला भेटायला भरपूर पृष्ठभाग मिळतो, आणि वायू पाण्यात विरतो. तिसऱ्या वर्षी तुम्ही पॅक्ड टॉवरचं डिझाइन शिकाल तेव्हा ती पवनचक्की आठवा. काटक्यांच्या जागी धातूच्या, चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या कड्या आल्या, बाकी तेच. १८६३ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला की या वायूचा ९५ टक्के भाग अडवलाच पाहिजे, आणि ते तपासायला निरीक्षक नेमले. पुढे त्या निरीक्षकांत जॉर्ज डेव्हिस नावाचे एक गृहस्थ आले.

डेव्हिस कारखान्यामागून कारखाने पाहत हिंडले आणि त्यांच्या लक्षात आलं की माल कुठलाही असो, त्याच मोजक्या कृती सगळीकडे दिसतात: उकळणं, गाळणं, वाळवणं, शोषून घेणं, ढवळणं, दळणं. १८८७ मध्ये त्यांनी मँचेस्टरमध्ये यावर बारा व्याख्यानं दिली. पुढल्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीमध्ये लुइस नॉर्टन यांनी केमिकल इंजिनिअरिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी या कृतींना युनिट ऑपरेशन्स हे नाव दिलं. या कल्पनेमुळेच औषधांच्या प्लांटमध्ये वाळवण शिकलेला इंजिनिअर रंगांच्या प्लांटमध्ये पहिल्या दिवसापासून कामाचा ठरतो. मी स्वतः तीन वेगवेगळ्या उद्योगांत काम केलं, आणि प्रत्येक ठिकाणी पंप, कॉलम आणि ड्रायर ओळखीचेच भेटले.

उष्णतेच्या हिशोबाचंही एक सांगायला हवं. पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, फार मोठा खर्च आहे हा. १००० किलो १० टक्क्यांचं द्रावण ४० टक्क्यांपर्यंत आटवायचं असेल तर माल उरेल २५० किलो आणि ७५० किलो पाणी उडवावं लागेल. (घरी करून पाहा, आकडा जुळतो का ते.) उसाचा रस आटवताना ती वाफ आकाशात जाई. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेले नॉर्बर्ट रिलिए यांनी विचारलं, या वाफेत गेलेली उष्णता पुढच्या भांड्याला का देऊ नये? पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवला की रस कमी तापमानाला उकळतो, आणि पहिल्या भांड्याची वाफ त्याला उकळवायला पुरते. मग दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला. १८४३ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. तीन भांडी जोडली की बॉयलरच्या एक किलो वाफेवर जवळपास अडीच किलो पाणी उडतं. माझ्या टोल्युईनच्या गोष्टीत जे गणित तोट्यात गेलं, दाब कमी केला की उकळबिंदू उतरतो, तेच इथे कामाला लावलं आहे.

साचण्याबद्दल आणखी एक, आणि हे सांगताना माझा आवाज बदलतो हे मुलांनाही कळतं. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये एका टाकीत मिथाइल आयसोसायनेट साठवलेलं होतं, सुमारे ४० टन. हे अंतिम उत्पादन नव्हतं, मधल्या पायरीवरचा पदार्थ होता. टाकीत पाणी शिरलं, क्रिया सुरू झाली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती, स्क्रबर (वायू धुऊन निकामी करणारा मनोरा) आणि फ्लेअर (वायू जाळून टाकणारी चिमणी) त्या वायूला अडवू शकले नाहीत. हजारो माणसं गेली. चौकशीत आणि पुस्तकांत व्हॉल्व्ह आणि यंत्रणांवर पुष्कळ लिहिलं गेलं, ते वाचाच. मी विद्यार्थ्यांना त्याही आधीचा प्रश्न विचारायला सांगते: मधल्या पायरीचा एवढा पदार्थ साठवून ठेवायची गरज होती का? जेवढा लागेल तेवढाच बनवून लगेच पुढे वापरला असता तर? डिझाइनच्या टेबलावर, पेन्सिल हातात असताना, हा प्रश्न विचारायची मुभा तुम्हाला असते. नंतर ती नसते.

पुढच्या चार वर्षांत काय येईल ते थोडक्यात. फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्स्फर, मास ट्रान्स्फर ही तीन भावंडं आहेत, एक नीट समजलं की दुसरी दोन ओळखीची वाटतात. थर्मोडायनॅमिक्स सुरुवातीला अंगावर येतं, घाबरू नका, दुसऱ्यांदा वाचताना उलगडतं. रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग मला सगळ्यांत देखणा विषय वाटतो. प्रोसेस कंट्रोलकडे मुलं गणित म्हणून बघतात आणि तिथेच चुकतात. शिफ्टमध्ये एकदा टाकीतली लेव्हल हाताने सांभाळून पाहिली की तो विषय आपोआप कळतो. कामं कुठे मिळतात याची यादी तुम्हाला कुठेही मिळेल, ती मी देत नाही.

एक सवय मात्र आजपासून लावा. उत्तर काढण्याआधी अंदाज बांधा. पाइपचा व्यास निम्मा केला आणि प्रवाह तेवढाच ठेवला तर दाबाची घट किती वाढेल? बहुतेक जण दुप्पट म्हणतात, धीट असतील ते चौपट. खळाळत्या प्रवाहाला ती जवळपास बत्तीसपट वाढते, कारण व्यासाचा पाचवा घात मध्ये येतो. असे दहा अंदाज चुकले की अकरावा बरोबर यायला लागतो. आणि एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका. तसा आकडा मी तपासतही नाही, हे माझ्या वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

प्लांट पाहायला मिळाला तर कंट्रोल रूमच्या पडद्यांसमोर फोटो काढून परत येऊ नका. एक लाइन धरा आणि टाकीपासून पंपापर्यंत, पंपापासून पुढे, पायी चाला. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबा, हा का बसवला असेल ते विचारा. ऑपरेटरशी बोला. पंपात खडी पडल्यासारखा आवाज येत असेल तर आत द्रवाच्या वाफेचे बुडबुडे होऊन फुटताहेत, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात, हे मला पुस्तकाआधी एका ऑपरेटरने पंपाला कान लावायला लावून शिकवलं. आवाज ओळखता आला की मग त्यामागचं गणित डोक्यात घट्ट बसतं.

शाखा चुकली का विचारणारी ती मुलगी परवा लॅबमध्ये भेटली. बाष्पीभवनाचा प्रयोग चालू होता. तिच्या गटाने २० किलो द्रावण घातलं होतं, आटलेलं द्रावण आणि कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन जमलेलं पाणी, मिळून १९.२ भरत होतं. बाकीच्यांनी वहीत "प्रायोगिक त्रुटी" लिहून बॅगा उचलल्या होत्या. ही एकटी कंडेन्सरच्या मागच्या नळीखाली बादली लावून उकिडवी बसली होती, हातात मोबाइलचा टॉर्च. मला बघून म्हणाली, "मॅडम, ४०० ग्रॅम सापडले, ट्रॅपमध्ये होते. अजून ४०० राहिलेत."

मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.